खिशातली गॅसची गोळी

प्रिय अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा कधी गरजच पडली नाही. मी नांदेडला होस्टेलवर आणि तुम्ही अहमदपूर-नांदेड गाडीचे कंडक्टर. आईचा निरोप तुम्हीच आणायचात आणि माझं उत्तरही तुम्हीच न्यायचात. आता तुम्ही जिथं गेलात तिकडची गाडी कोणत्या फलाटाला लागते ते ठाऊक नाही, म्हणून हा कागद काढला.

कागद म्हणजे आमच्या लॅबचा पाठकोरा रिपोर्ट फॉर्म आहे. तुम्ही जुन्या कागदांच्या पाठीमागं किराण्याची यादी लिहायचात ना, ती सवय मलाही लागली. दुपारची जेवणाची सुट्टी आहे. माझ्यासोबतची वैशाली डबा उघडून बसलीय आणि दोनदा हाक मारून झालीय. मी म्हटलं, तू कर सुरू, मला आधी एकाला बातमी द्यायची आहे.

बातमी ही, की आपला संतोष सुटला.

कशातून, असं विचाराल. ज्या रोगानं तुम्हाला नेलं, त्याच्याच वाटेवरून. पोटाच्या कॅन्सरच्या वाटेवर तुमचा लेक चालू लागला होता आणि आम्हा कुणालाच पत्ता नव्हता. आज पावणेएक वाजता आम्ही त्याला त्या गाडीतून खाली उतरवला!

पण पहिल्यापासून सांगते. अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधी चाललं नाही.

तुमच्या खाकी शर्टाच्या खिशातली ती पत्र्याची डबी आठवते का? खायच्या सोड्याची. लोहा असो, माळाकोळी असो, गाडी थांबली की तुम्ही कँटीनमध्ये ग्लासभर पाणी मागायचात, चिमूटभर सोडा टाकायचात, फसफसलं की घटाघटा प्यायचात आणि मोठी ढेकर द्यायचात. "झालं मोकळं," म्हणायचात आणि डबल बेल मारायचात. एक बेल थांबायची, दोन बेल निघायची. घरातसुद्धा आम्हाला शाळेत पाठवताना तुम्ही "चला, डबल बेल" म्हणायचात. मला कितीतरी दिवस वाटायचं की सगळ्याच घरांत असं म्हणतात.

मग मी लॅबमध्ये लागले. मोठी झाले, शहाणी झाले. सोड्यानं पोट खराब होतं म्हणून मी तुम्हाला गॅसच्या गोळ्या आणून द्यायला लागले. सकाळी उपाशीपोटी एक. दर महिन्याला दोन-तीन पाकिटं, कधी स्वतः, कधी तुमच्याच गाडीवरच्या शेख काकांच्या हाती. तुम्ही ती डेपोत सगळ्यांना दाखवायचात, लेकीनं पाठवली म्हणून. अण्णा, मला किती भारी वाटायचं ते ऐकून!

आणि गोळी खरंच लागू पडली. जळजळ बंद, ढेकर बंद, तुम्ही खूश, मी खूश. पोट बिचारं ओरडून ओरडून सांगत होतं, आणि आपण बापलेकीनं मिळून त्याचं तोंड दाबून धरलं होतं. किती वर्षं? मोजायची हिंमत होत नाही मला.

रिटायर झाल्यावर दोन घासांतच तुमचं पोट भरायला लागलं. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. शौचाला काळी व्हायची ते तुम्ही कुणाला सांगितलं नाही, फक्त एकदा आईला म्हणालात की कारळाच्या चटणीनं होतं तसं. आणि आईनं चटणी करायची बंद केली. पोटात रक्तस्राव होत होता हो अण्णा, आणि आपल्या घरात शिक्षा झाली कारळाच्या चटणीला. रागावू की रडू?

लातूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, कोणतं औषध चालू आहे का. तुम्ही छाती पुढं काढून सांगितलंत, काही नाही साहेब, मला आजवर औषध माहीत नाही. मी शेजारीच बसले होते. माझ्या पर्समध्ये तुमच्यासाठी आणलेली दोन पाकिटं होती. मी एक शब्द बोलले नाही. लपवलं नाही, अण्णा, मला ते सुचलंच नाही. लॅबमध्ये काम करणारी मी, माझ्याही लेखी गॅसची गोळी म्हणजे औषध नव्हतंच. बडीशेप जशी, तशी ती.

चार महिन्यांत तुम्ही गेलात. सहा वर्षं झाली.

तुमच्या पोटाच्या तुकड्याचा रिपोर्ट मी तेव्हाच वाचला होता. वरच्या ओळीत रोगाचं नाव होतं, आणि अगदी खाली एक बारीक ओळ होती की जठरात अमुक जातीचे जंतू आढळले. वरची ओळ वाचल्यावर खालच्या ओळीकडं कोण बघतं? मी घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

मागच्या वर्षी पोळ्याला मी अहमदपूरला गेले, तर संतोष जेवण झाल्यावर ग्लासात सोडा टाकून ढवळत होता. तीच पत्र्याची डबी. तसंच घटाघटा. "झालं मोकळं," म्हणाला, अगदी तुमच्या आवाजात. मी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं.

नांदेडला येऊन मी तुमची फाइल काढली. ती खालची ओळ पुन्हा वाचली. आमच्याकडं लातूरहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या पोटाच्या डॉक्टरबाईंना दाखवली. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. हा जंतू जठरात राहतो. जिथं आम्लात दुसरं काही टिकत नाही, तिथं हा आतल्या चिकट थराखाली दडी मारून वर्षानुवर्षं बसतो. आपल्याकडं कितीतरी लोकांच्या पोटात तो असतो आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण काहींच्या पोटाची आतून सतत आग होत राहते, शरीर त्याच्याशी भांडत राहतं, आणि त्या भांडणात पोटाचं अस्तरच झिजतं. त्यात तंबाखू आली, खारट आलं, घराण्यातला धोका आला, की एखाद्याच्या पेशी हळूहळू आपली चाल सोडतात. जंतू एकटा काही करत नाही आणि शरीरही एकटं करत नाही, दोघांचं मिळून ते होतं. आणि हा जंतू बहुतेकदा लहानपणीच लागतो, घरातल्या घरात. सख्ख्या मुलांची तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती, असं त्या म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या, तरी मला ते लागायचं तिथं लागलं.

घरातल्या घरात म्हणजे कसं, मी विचारलं. एका ताटातून, एका घोटातून, लेकराला चावून भरवलेल्या घासातून, असंही होतं म्हणाल्या.

अण्णा, मला एकदम तुम्ही दिसलात. संतोष आठ-नऊ महिन्यांचा असताना आईला टायफॉइड झाला होता. तुम्ही रजा टाकून घरी बसला होतात. ज्वारीची भाकरी स्वतः चावून, मऊ करून, बोटानं त्याच्या तोंडात घालायचात. मी पाच-सहा वर्षांची, मीही हट्टानं तोंड पुढं करायचे. तुम्ही मलाही द्यायचात, चिमणीला देतात तसं. त्या घासातूनच गेला असेल का हो तो? डॉक्टरबाई म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकत नाही. पाण्यातूनही गेला असेल, दुसऱ्या कुणाकडूनही आला असेल. मी पण ठरवलंय, शोधायचं नाही. त्या घासानंच तर आम्ही जगलो.

आता संतोषला तयार करायचं होतं. तुमचा लेक तो, सरळ कसा ऐकेल! मोंढ्याजवळचं त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान सोडून त्याला कुठं हलायचं नसतं. शेवटी मी म्हटलं, तू येऊ नको, नुसती डबी पाठव, शौचाच्या नमुन्यातच तो जंतू सापडतो. तर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, लाजून.

शेवटी पाठवली. कुणाच्या हाती, सांगू? तुमच्या शेख काकांच्या! त्यांची रिटायरमेंट जवळ आलीय, पण अजून त्याच गाडीवर आहेत. संतोषनं डबीला चार पिशव्या गुंडाळल्या, बर्फ घातला, स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा कापडी पिशवीत. आता अहमदपूरहून पिशवीतून येणारा डबा म्हणजे काय असतो? मुलामुलींसाठी घरचं जेवण. शेख काकांनी तो इथंतिथं ठेवला नाही, आपल्या सीटवर शेजारी ठेवून आणला. स्टँडवर माझ्या हातात देताना म्हणाले, "बेटा, लाडू हायेत का? लई जपून आणलेत, एक तरी दे." मी तशीच रिक्षात बसले आणि लॅबपर्यंत हसत राहिले. तुम्ही गेल्यापासून मी इतकी कधी हसले नव्हते.

तपासणीची पट्टी साधी असते, अण्णा. एक रेघ आली तर जंतू नाही, दोन आल्या तर आहे. एक आली.

आनंदीआनंद! आईनं त्याच आठवड्यात माहूर गाठलं, रेणुकामातेची ओटी भरली, गावात पेढे वाटले. संतोषनं मला फोनवर ऐकवलं की ताई, तू उगाच सगळ्यांना घाबरवून राहिलीस. मीही म्हटलं, बरंय बाबा, मी खोटी ठरले ते बरंच झालं.

पंधरा-वीस दिवसांनी तो तांब्याची तार घ्यायला नांदेडला आला आणि माझ्याकडं जेवायला थांबला. घामानं भिजलेला शर्ट काढून त्यानं खुंटीला लावला. मी तो धुवायला घेतला, खिसे चाचपले. वरच्या खिशात गॅसच्या गोळ्यांचं पाकीट. दहातल्या सहा गेलेल्या.

मी त्याला विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, रोज सकाळी एक, दोन वर्षं झाली. मग मला सांगितलं का नाहीस, मी तुला फोनवर नीट विचारलं होतं की कोणतं औषध चालू आहे का!

तर तो म्हणाला, "हे कुठं औषध हाय ताई? ही तर गॅसची गोळी हाय."

अण्णा, मी तो ओला शर्ट हातात धरून खाली बसले. लातूरचा तो दवाखाना, तुम्ही पुढं काढलेली छाती, माझी पर्स, सगळं परत समोर आलं. कारण ही गोळी चालू असली की जंतू दबून बसतो, असतो तिथंच, पण तपासणीत दिसत नाही. पंधरा दिवस ती बंद ठेवून मगच नमुना द्यायचा असतो. हे मला माहीत आहे. मी रोज दुसऱ्यांना विचारते. पण विचारते काय, तर "औषध". आणि आपल्या माणसांच्या औषधात ही गोळी मोजलीच जात नाही. आमची एक रेघ खोटी होती.

त्या दिवशी आम्ही भांडलो, अगदी शेजारी ऐकतील असे. तो म्हणाला, एकदा झालं ना, आता परत न्हाई. मी म्हटलं, अण्णाही असंच म्हणायचे. तो म्हणाला, आणि तू? तू तपासलंस का स्वतःला? आधी तुझी डबी दे, मंग मला सांग.

मी त्याच्याकडं पाठ केली आणि शर्ट पिळायला घेतला. कारण मी तपासलं नव्हतं. सहा वर्षं लोकांचे रिपोर्ट लिहिले, पण स्वतःचा नाही. भीती वाटत होती, अण्णा. तुम्हाला म्हणून सांगते.

मग तसंच ठरलं. त्याची गोळी बंद, आणि डब्या दोघांच्याही. पंधरा दिवस संतोषच्या पोटात भट्टी पेटली होती. आईनं सोड्याची ती डबी सुद्धा उचलून आपल्या लुगड्यांच्या ट्रंकेत टाकली. पंधराव्या दिवशी नमुने घेतले. दोघांच्या पट्ट्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. त्याच्या दोन रेघा. माझ्याही दोन.

नवल म्हणजे मला धक्का बसलाच नाही. उलट बरं वाटलं, की आता शत्रू कोण ते दिसलं तरी.

त्याच डॉक्टरबाईंनी लातूरला संतोषच्या पोटात दुर्बीण घातली, त्रास त्याला होता म्हणून आधी त्याच्या. मी बाहेर बाकावर बसले होते, तुमच्या वेळी बसले होते तशीच. तुकडे काढले, तपासायला पाठवले. दहा दिवसांनी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समोर ठेवला आणि सांगितलं की कॅन्सर नाही. पण पोटाच्या अस्तरात जे बदल दिसतायत ते त्याच वाटेवरचे आहेत. आता जंतू काढायचा, तंबाखू सोडायची, आणि दर थोड्या काळानं दुर्बिणीतून बघत राहायचं. मग फाइल बंद करून म्हणाल्या, "वेळेत आलात."

वेळेत आलात! तुमच्या वेळी हे दोन शब्द ऐकायला मी काय दिलं नसतं! सगळी नोकरी तुम्ही गाडी वेळेत नेली, आणि तुमची स्वतःची मात्र चुकली. मी तिथंच, त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. संतोष माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला, जणू पेशंट मीच.

परतीच्या गाडीत त्यानं दोघांची तिकिटं काढली. मग मला समजावून सांगायला लागला, त्याच्या भाषेत. "ताई, हे व्होल्टेजसारखं हाय बघ. खराब व्होल्टेजनं मोटार लगेच जळत न्हाई. रोज थोडी थोडी तापती, तारेवरचं कोटिंग जातं, आणि मंग एक दिवस जळती. सगळ्याच जळत न्हाईत. पण वास आला की बंद करायची असती." डॉक्टरबाईंना अर्धा तास लागला होता, अण्णा, ह्यानं पुढचा स्टॉप यायच्या आत उरकलं. आणि गाडीतून उतरल्याबरोबर खिशातली तंबाखूची पुडी नालीत टाकली. पूर्ण सुटली का? तुम्हाला खोटं सांगणार नाही. दोनदा घसरला. आता तीन महिने झाले, नाही खाल्ली.

गोळ्यांचा कोर्स चौदा दिवसांचा. मूठभर गोळ्या, दिवसातून चारदा, एकही चुकवायची नाही. दोघांनी एकाच दिवशी सुरू केला, तो अहमदपूरला, मी इथं. तोंडात सारखी लोखंडाची चव, जेवण नको वाटायचं. चुकवू नये म्हणून त्यानंच युक्ती काढली. गोळ्या घेतल्या की दोन मिस कॉल, काही अडलं तर एक. डबल बेल म्हणजे पुढं चला, एक बेल म्हणजे थांबा. तुमचाच पोरगा!

पाच दिवस डबल बेल वाजत राहिली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. माझी मुलगी सुद्धा म्हणायची, आई, मामाची गाडी निघाली.

सहाव्या दिवशी दुपारी एकच बेल आली.

मी लगेच फोन लावला. तो उचलेना. आईला लावला, तर आई म्हणाली की दुकान बंद करून सकाळपासून घरात पडून आहे, कुणाशी बोलत नाही, आणि ताईला सांगू नको म्हणतो. मी म्हटलं, फोन त्याच्या कानाला लाव.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "ताई, काळी झाली. अण्णांसारखी."

अण्णा, मला सगळं एकदम सुचलं. त्या गोळ्यांतल्या एका गोळीनंच शौचाला काळी होते! हे मला माहीत होतं, मी ते वाचलं होतं, आणि मी त्याला सांगायचं विसरले होते. सकाळपासून तो एकटा तुमचं मरण अंगावर घेऊन पडला होता, माझ्या विसरण्यामुळं.

मी म्हटलं, "अरे वेड्या, माझी पण काळीच होऊन राहिलीय. तीन दिवस झाले."

"खरं?"

"खरं. गोळीचा रंग आहे तो, रक्त नाही. कोर्स संपला की जातो."

तो हसायला लागला. आधी हसला, मग रडला, मग परत हसला. आई तिकडून विचारत होती की काय झालं, कशाला हसता, आणि आम्हाला सांगताही येईना. सहा वर्षांत तुमच्यासाठी आम्ही दोघं एकत्र रडलोच नव्हतो. त्या दिवशी रडलो. मग मी त्याला सांगितलं, ऊठ, दुपारची गोळी घे. पाच मिनिटांनी फोन वाजला. दोनदा.

उरलेले दिवस आईनं ताब्यात घेतले. मी तिला सांगितलं होतं की पोटात चांगलेही जंतू असतात, खंडीभर, आणि ह्या गोळ्या वाईटांबरोबर त्यांनाही मारतात. तिला भारी काळजी पडली. "मंग त्या बिचाऱ्यांचं काय?" म्हणाली. मग रोज ताक, ज्वारीची आंबील. चांगल्यांसाठी आहे म्हणायची आणि वाटी तोंडाशी धरायची. तुमच्या फोटोपुढंही ठेवायची एक वाटी. मिळाली का?

कोर्स संपल्यावर महिनाभर थांबलो. त्यातले शेवटचे पंधरा दिवस आई रोज सकाळी संतोषचे खिसे उलटे करून बघत होती. मोठा बाप्या माणूस, दाराशी हात वर करून उभा राहायचा. काल संध्याकाळी मी त्याला फोनवर एकेक नाव घेऊन विचारलं. गॅसची गोळी? नाही. सोडा? नाही. चूर्ण? नाही. हाजमोला प्रकारातलं काही? "ताई, आता फक्त हवा खातो," म्हणाला.

आज सकाळी शेख काकांच्याच हाती डबा आला. आता त्यांना माहीत आहे आत काय असतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले होते, म्हणाले, तौबा, मी तर शेजारी घेऊन बसलो होतो. आज देताना मात्र म्हणाले, अमानत आहे बेटा, सांभाळून ने. आणि हळूच विचारलं की माझीही तपासणी होईल का, मलाही लई वर्षं गॅसच आहे. मी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल, ओळखा!

पट्टी मी लावली नाही. वैशालीनं लावली, आधी माझी, मग त्याची. दहा मिनिटं थांबायचं असतं. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. तुमची लाडकी लेक, सरकारी परीक्षेतसुद्धा घाबरली नव्हती ती. घड्याळात दहा मिनिटं झाली, तशी मीच वळले.

एक रेघ. शेजारी एक रेघ. दुसरीची जागा दोन्हीकडं कोरी, स्वच्छ पांढरी.

ह्या वेळी ती रेघ खरी आहे, अण्णा. आम्ही तिला खरं बोलायला लावलं.

दुर्बीण पुढच्या वर्षी आहेच, त्याच्या पुढच्या वर्षीही आहे. झिजलेलं अस्तर एका दिवसात नवं होत नाही, मला कळतं. पण आग विझली. ज्यानं लावली तो गेला. हे तुमच्या बाबतीत झालं असतं तर तुम्ही आज असता का, हे मी डॉक्टरबाईंना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, आणि मला म्हणाल्या की वडलांना त्या गोळ्या तुम्ही प्रेमानं दिल्या होत्या. मला त्याचं ओझं आहे, ते राहील. फक्त आता ते उचलून चालता येतं.

तुमच्यावर एक रुसवा मात्र आहेच. आईला काळ्या शौचाचं सांगितलंत, मला का नाही? लेकीला काय सांगायचं असं, म्हणूनच ना? बघा, तुमचा लेक लाजला, रुसला, पण शेवटी त्यानं मला सांगितलं. तेवढ्यानंच तो वाचला. तुम्हीही सांगायला हवं होतंत, अण्णा.

आता तुम्हाला शब्द देते. आमच्या खिडकीवर, जिथं लोक नमुने देतात तिथं, मी आत्ताच एक पुठ्ठा लावलाय, माझ्या अक्षरात: "गॅसची गोळी, सोडा, चूर्ण हे पण औषधच. आधी सांगा." लॅबच्या मालकांनी विचारलं हे काय, मी म्हटलं राहू द्या. जोवर मी ह्या खिडकीत बसते, तोवर एकाही माणसाला मी नुसतं "औषध चालू आहे का" असं विचारणार नाही. मी म्हणेन, काका, जरा खिसा दाखवा. लोक हसतील, चिडतील. चिडू देत.

आणि संतोषची दुर्बीण मी चुकू देणार नाही, आता माझीही करून घेणार आहे. येत्या रविवारी अहमदपूरला जाऊन आईला कारळाची चटणी करायला लावणार आहे. सहा वर्षं तिनं घरात कारळं आणलं नाही. चटणीचा काही गुन्हा नव्हता. तुमच्या फोटोपुढं पहिला चमचा.

संतोषला अजून सांगितलं नाही, अण्णा. दुकानात असेल, हातात तार असेल, कान फोनकडं असतील. हे पत्र तुमच्यासाठी आधी लिहायचं होतं, ते झालं. आता मी काही बोलणार नाही त्याच्याशी. नुसता फोन लावते, दोनदा.

ऐका तुम्हीही.

तुमची,
मंगल